फक्कीतली घरं

फक्कीगाडी सकाळी सातला खाणीत उतरली आणि साडेदहा वाजेपर्यंत तिनं दोनशे बारा घरं मांडून टाकली. पाया खणण्याआधी गवंडी दोरी ताणून जमिनीवर चुन्याची पांढरी फक्की मारतात, तेच हे काम. फरक एवढाच, की ही गुडघ्याएवढी तीनचाकी पेटी दोरी-बिरी काही न ताणता, उपग्रहाच्या खुणेवर चालत होती आणि बोटभरही चुकत नव्हती. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला भीमण्णा धोत्रे मोजपट्टी घेऊन सकाळपासून तिच्या मागे मागे फिरत होता. कुठंतरी एखादी चूक सापडावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. ती काही सापडली नाही, आणि भीमण्णाचा दिवस तिथंच बिघडला.

वस्ती वर होती, बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर. सगळे तिला खाणवस्तीच म्हणत. पत्र्याची, फरशीच्या तुकड्यांची, जुन्या दारांची दोनशे बारा घरं. ती पाडून त्याच जागी नवी पक्की घरं उभी राहायची होती. पण बांधण्याआधी प्रत्येकाला आपलं घर पायाखाली अनुभवता यावं, म्हणून खाणीच्या कोरड्या, सपाट तळावर सगळी वस्ती खऱ्या मापानं आखून दाखवायची, असा नियम होता. तो नियम कुणी केला असेल त्याचं भलं होवो, कारण कागदावर जे कधीच कळलं नसतं ते त्या सकाळी अर्ध्या तासात कळलं.

माणसं खाली उतरली ती लग्नघरी यावं तशी. गंमत म्हणजे फक्कीच्या रेघेपाशी आल्यावर प्रत्येकानं चपला काढल्या. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. नुसती पांढरी रेघ. तरी चपला बाहेर आणि माणूस आत. कुणी चूल कुठं येईल ते बघत होतं, कुणी आडवं पडून पाय पुरतात का ते तपासत होतं. खोल्या चांगल्या ऐसपैस होत्या. "बारा बाय अठरा!" भीमण्णा आपल्या खोलीत उभा राहून ओरडला. बिघडलेला दिवस लगेच सुधारला.

अंबाक्का विटकर मात्र अजून गल्लीतच उभी होती. चौपन्न वर्षांची, अंगानं काटक, जिभेला धार. विडीचे कारखाने बंद पडल्यापासून वस्तीतल्या बायका पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी करत, आणि त्या कामाची मुकादमी आपसूक अंबाक्काकडे आली होती. गेल्या वर्षी वस्तीनं तिला आपली मोजणीताई, म्हणजे वस्तीच्या मोजणीचं काम बघणारी, म्हणूनही निवडलं होतं. ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. गल्ली आखीव, सरळ, जेमतेम साडेतीन फूट रुंद होती.

तिची शेजारीण मेहजबीन आपल्या फक्कीच्या घरातून बाहेर आली. "अक्का, खोली झकास आहे. पण ओटा कुठं दिसत नाही माझा."

"माझाबी न्हाई," अंबाक्का म्हणाली.

"आणि आपण द्रोण करायला बसतो ती जागा? लिंबाखालची?"

अंबाक्कानं हातातला नकाशा उलटासुलटा करून पाहिला. लिंबाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला चिकटून एका घराची मागची भिंत गेली होती. पोरांना खेळायला मोकळं म्हणून काही नव्हतं. म्हाताऱ्यांनी टेकावं असा कट्टा नव्हता. मांडव घालायचा तर कुठं, मयत न्यायची तर तिरडी वळणार कुठं, यातल्या कशाचाच पत्ता नव्हता. दोनशे बारा मोठ्या खोल्या, आणि त्यांच्यामधून फक्त बाहेर पडण्यापुरत्या वाटा. ही आपली वस्ती नव्हे, हे तिला कळलं. आणि ही अशी का झाली, तेही त्याच क्षणी कळलं.

झालं होतं ते असं.

स्ववसाहत कायदा आला तेव्हापासून वस्तीचा आराखडा कार्यालयातल्या साहेबांनी करायचा नाही, वस्तीनं स्वतःच करायचा, असं ठरलं होतं. वस्तीनं जमिनीवर आपला वावर सिद्ध करायचा आणि त्या वावरातूनच आराखडा काढायचा. त्यासाठी पाऊलकण निघाले होते. ज्वारीच्या दाण्याएवढा कण जमिनीत दाबून बसवायचा. वरून पाऊल पडलं की त्याच्या दाबावरच कणाला लागेल तेवढी वीज तयार होते आणि तो नोंद करतो. पाऊल कुणाचं ते त्याला कळत नाही. कुठं पडलं आणि किती वेळ थांबलं, एवढंच कळतं. अशी नव्वद दिवसांची नोंद 'रेखक' नावाच्या संगणकी आखणीकाराकडे जाते. माणसं जिथून चालतात तिथं तो वाट काढतो, जिथं थांबतात तिथं जागा सोडतो, जिथं जमतात तिथं चौक ठेवतो. वस्तीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी कणांचं नाव 'ज्वारी' ठेवून टाकलं होतं, आणि अंबाक्कानं बायकांची टोळी घेऊन घराघरांत, गल्लीगल्लीत, नळापाशी, लिंबाखाली ही ज्वारी पेरली होती.

नगररचना कार्यालयातल्या प्रज्ञा कुलथे मॅडम तेव्हा सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाल्या होत्या, "तुम्ही काही वेगळं करू नका. रोज जसं वागता तसंच वागा." सगळ्या वस्तीनं "व्हय मॅडम" म्हणून मान डोलावली. मॅडमची गाडी वळणाआड गेली आणि अंबाक्का घरोघर फिरली. "नव्वद दिवस कुणाच्या दाराला कुलूप दिसता कामा न्हाई. घरात माणूस पायजे म्हंजे पायजे. बाहेर उंडारायचं न्हाई. मोजणी चालू हाय."

तिला कुणी का म्हणून विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? मोजणी म्हणजे काय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. अंबाक्का नऊ वर्षांची असताना, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या एका वस्तीत, एका कारकुनानं त्यांच्या बंद दारावर खडूनं 'बंद' असं लिहिलं होतं. आई तिला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती. संध्याकाळी परत आल्यावर आईनं ती अक्षरं पदरानं पुसून टाकली, पण वहीतली कशी पुसणार? इतरांना प्लॉट मिळाले. अंबाक्काच्या आईला मिळाले सिमेंटचे मोठे पाइप, आणि त्यात दोन पावसाळे. तेव्हापासून मोजणी म्हटलं की अंबाक्काला आधी घराचं दार दिसे.

म्हणून खाणवस्ती माघापासून वैशाखापर्यंत घरात बसली. बायकांनी द्रोण आपापल्या घरात केले, एकमेकींचं तोंड न बघता. पोरांना बाहेर सोडलं नाही. पुरुषांनी पाळ्या लावून खाडे केले. पत्रा तापून घरं भट्टीसारखी झाली तरी कुणी झाडाखाली आलं नाही. भीमण्णानं तर कणाला आपला मुक्काम नीट कळावा म्हणून रोज खाटेभोवती शंभर फेऱ्या घातल्या. मेहजबीननं घरात पावलं जास्त दिसावीत म्हणून बार्शीहून सासूला बोलावून घेतलं. रेखकानं इमानेइतबारे त्या सासूसाठीही एक खोली काढली होती, आणि सासूबाई आता त्या फक्कीच्या खोलीत मांडी घालून बसल्या होत्या. परत बार्शीला जायचं नाव त्या घेईनात.

रेखकाची काहीच चूक नव्हती. त्यानं बिचाऱ्यानं बघितलं ते काढलं.

दुपारी माणसं पुन्हा वर आली ती कुरकुरतच. ओटा नाही हे हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. लिंबाखाली सभा भरली. आराखड्याला संमती द्यायला आठ दिवस होते. संमती दिली की पावसाळ्यानंतर बांधकाम. नाही दिली की आराखडा बाद, आणि वस्ती पुन्हा यादीच्या शेपटाला, चाळीसेक वस्त्यांच्या मागे.

अंबाक्का उभी राहिली. एरवी तिला बोलायला शब्द शोधावे लागत नसत. आज शोधावे लागले.

"हे माझ्यामुळं झालंय," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या रोजच्यावानी वागा. मी म्हणलं घरात बसा. तुमी माझं ऐकलं आन् त्या ज्वारीनं तेच लिवलं. मी उद्या हापिसात जाऊन खरं सांगनार हाय."

मागून एका बाईचा आवाज आला, "आता सांगतीयास व्हय? उन्हाळाभर पोरं कोंडून घातली मी." अंबाक्कानं मान खाली घातली.

भीमण्णा उठला. वस्तीचा अध्यक्ष तोच, त्यामुळे अर्जाची प्रत त्याच्याच हातात होती. चष्मा नाकावर ओढून त्यानं शेवटचं कलम मोठ्यानं वाचलं: "नोंदीत बनाव आढळल्यास वस्तीचा दावा रद्द समजण्यात येईल." मग चष्मा काढून तो अंबाक्काकडे वळला. "ह्याच्यावर आपले सगळ्यांचे अंगठे हायेत. तू जाऊन बनाव केला म्हणून सांगनार, आन् दोनशे बारा घरं जानार. कशापायी? ओट्यापायी? अगं, पक्की भित्ताडं मिळत्यात, डोक्यावर सलाब मिळतोय. आपला बाप असल्या घरात कधी निजला व्हता का? ओटा काय मागनं बी बांधता येतोय."

"कुठं बांधनार? साडेतीन फुटाच्या गल्लीत?"

"न्हाई बांधला तर न्हाई! घर तर ऱ्हाईल."

भीमण्णा खोटं बोलत नव्हता, आणि अंबाक्कालाही तेच वाटत होतं; हीच तर पंचाईत होती. गेलेलं घर कसं असतं ते तिला तिथल्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. सकाळपासून तिला आईचा चेहरा दिसत होता. पण त्या पांढऱ्या गल्लीतून चालताना तिला दुसरंही काही दिसलं होतं. नवरा गेला त्या वर्षी ती याच झाडाखाली बसून रडली होती आणि याच झाडाखाली बायकांनी तिच्या हातात पुन्हा पानं आणि काड्या दिल्या होत्या. त्या आराखड्यात ती कुठं बसली असती? बारा बाय अठराच्या खोलीत, दार लावून?

"भीमण्णा," ती म्हणाली, "घरात बसून ते तीन म्हयने तुला कसे गेले, खरं सांग."

भीमण्णा चष्मा पुसत म्हणाला, "जेलात गेल्यागत."

"मग तसंच जलमभर काढायचं का?"

सभेत हात वर करून मतं घेतली नाहीत. तशी तिथं पद्धतच नव्हती. माणसं उठून कुठल्या बाजूला जाऊन बसतात त्यावरून कळायचं. मेहजबीन उठून अंबाक्काच्या शेजारी येऊन बसली. तिच्यामागे पानवाल्या बायका आल्या. पोरं कोंडणारी ती बाईही तोंड वाकडं करत आली. भीमण्णाच्या बाजूला शेवटी वीस-बावीस माणसं उरली, आणि सासूबाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाक्का बसथांब्यावर आली तर भीमण्णा आधीच तिथं उभा होता, धुतलेला सदरा घालून.

"मी विरोधात हाय," त्यानं आधीच सांगून टाकलं. "पन तू येकटी जाऊन कायतरी उलटंपालटं बोलशील."

नगररचना कार्यालयात प्रज्ञा कुलथे मॅडमच्या टेबलावर पुठ्ठ्याची घरं आणि चहाचे कप यांची सरमिसळ झाली होती. वय असेल तिशीच्या आसपास. दोघांना बघून त्या हसल्या, खुर्च्या ओढून दिल्या, आराखडा आवडला का म्हणून विचारलं. अंबाक्का खुर्चीत बसली नाही.

"मॅडम, आमी फसवलं तुमाला," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. घरोघर फिरून काय सांगितलं ते, खाटेभोवतीच्या फेऱ्या, बार्शीची सासू, सगळं. खडूनं लिहिलेलं 'बंद' आणि पाइपातले दोन पावसाळेही सांगून झाले. ते सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. "कुनाचं नाव घालायचं ते माझं घाला. वस्तीचं घालू नका. लोकं माझ्या सांगन्यावरनं वागली."

"येकटीचं न्हाई," भीमण्णा मध्येच म्हणाला. "अध्यक्ष मी हाय. माजंबी घाला." विरोधात असलेल्या माणसानं असं बोलावं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण तो लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

प्रज्ञानं चहाचे कप बाजूला सारले. तिनं टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वस्तीचा वरून काढलेला नकाशा होता आणि त्यावर नव्वद दिवसांची पावलं पिवळ्या ठिपक्यांनी दाखवली होती. प्रत्येक घरात ठिपक्यांचा दाट गोळा, आणि घरांच्या मध्ये जवळजवळ काळोख.

"हे बघून मला वाटलं होतं, खाणवस्तीतली माणसं फार एकलकोंडी आहेत," ती म्हणाली. "रेखक तेच म्हणत होता. पण हा एक दिवस मला काही केल्या उलगडत नव्हता." तिनं एकसष्टावा दिवस काढला. पडदा एकदम उजळला. घरं रिकामी, आणि लिंबाभोवती, नळापाशी, गल्लीच्या वळणावर सगळीकडे पिवळ्याचा नुसता पूर. "रेखकानं हा दिवस गणतीतून वगळला. बाकीच्या एकोणनव्वद दिवसांशी जुळत नाही, म्हणून अपवाद धरला. या दिवशी काय झालं होतं?"

अंबाक्कानं तारीख वाचली. "यमुनाबाई गेली त्या दिशी," ती हळूच म्हणाली. "शंभरीची म्हातारी. वस्तीतल्या निम्म्या पोरांचं बाळंतपन तिच्या हातचं. त्या दिशी कुनाला ज्वारीचं ध्यानच ऱ्हायलं न्हाई."

नव्वद दिवसांतला एकच दिवस वस्ती स्वतःसारखी वागली होती, आणि तो एका मरणाचा होता.

"मॅडम," भीमण्णानं घसा खाकरला, "बनावाचं कलम..."

"ते कण उपटून दुसरीकडे लावले किंवा आकडे बदलले तर लागू होतं," प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही कणाला हात लावला?"

"न्हाई."

"मग नोंद खरीच आहे. तुम्ही खरंच घरात बसला होतात. कणांनी तुमची भीती मोजली, आणि भीती काही बनावट नव्हती." तिनं नियमांची पुस्तिका उघडून एक पान त्यांच्यापुढे सरकवलं. "वस्तीला आपलीच नोंद पटत नसेल तर कारण सांगून एकदा फेरनोंद मागता येते. पंचेचाळीस दिवसांची. यादीतला क्रमांक जात नाही. मात्र कारण वस्तीनं स्वतः येऊन सांगावं लागतं; मला माझ्या मनानं ते लिहिता येत नाही."

"म्हंजे घरं जात न्हाईत?"

"नाही जात."

अंबाक्का आता बसली. तिला रडू आलं आणि ती रडली, टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या घरांसमोर, पदर तोंडाला न लावता. पंचेचाळीस वर्षं उरावर असलेलं काहीतरी सैल होत होतं आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. भीमण्णानं तिच्याकडे न बघता पाण्याचा पेला तिच्यापुढे ढकलला. प्रज्ञानं स्वतःच फेरनोंदीचा अर्ज लिहायला घेतला. "चूक माझीही आहे," लिहिता लिहिता ती म्हणाली. "रोजच्यासारखं वागा म्हणाले. पण तसं वागल्यानं घर जाणार नाही, हा भरवसा दिलाच नाही."

फेरनोंद सुरू झाली आणि नवीनच पंचाईत उभी राहिली. रोजच्यासारखं वागायचं म्हणजे नेमकं कसं, हेच कुणाला आठवेना. पहिला आठवडा माणसं फोटो काढायला बसल्यासारखी ताठ होती. मेहजबीन येऊन विचारायची, "अक्का, मी पूर्वी दिवसातनं किती वेळा बाहेर यायची?" भीमण्णा ठरवून, घड्याळ लावून, दहा ते साडेदहा कट्ट्यावर बसायचा आणि साडेदहाला उठून जायचा. अंबाक्काला वाटलं, हेही पंचेचाळीस दिवस असेच वाया जाणार.

नवव्या दिवशी नळावर भांडण झालं. भीमण्णाची सून आणि मेहजबीनची सासू यांच्यात, हंडा आधी कुणाचा यावरून. सासूबाई बार्शीच्या असल्या तरी नळावर त्या मूळच्या खाणवस्तीच्या निघाल्या. असं भांडण वस्तीनं तीन-चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. माणसं घरातली कामं टाकून धावली. कुणी बाजू घेतल्या, कुणी सोडवायला मध्ये पडलं, कुणी नुसतंच ओट्यावर चढून बघितलं. दुपारपर्यंत भांडण मिटलं, दोघींनी मिळून एका घरात चहा घेतला आणि त्यावर चर्चा करायला सगळी वस्ती संध्याकाळपर्यंत बाहेरच बसली. त्यानंतर कुणी ज्वारीचं नाव काढलं नाही. पोरं गल्लीत, बायका लिंबाखाली, म्हातारे कट्ट्यावर. पहिला पाऊस येऊन गेला, चिखल झाला, तरी माणसं बाहेरच.

फक्कीगाडी श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी दुसऱ्यांदा खाणीत उतरली. या वेळी ती बराच वेळ वळत, थांबत, पुन्हा वळत राहिली. गल्ल्या सरळ नव्हत्या. नळापाशी रुंद होत होत्या, पुढं अरुंद होत होत्या. प्रत्येक घराला दीड हाताचा ओटा होता, आणि समोरासमोरचे ओटे बोलता येईल इतके जवळ होते. मध्यभागी लिंबाच्या जागी मोठं वर्तुळ होतं, आणि त्याच्याभोवती एकही भिंत नव्हती. फेरनोंदीला तो एकसष्टावा दिवसही जोडला होता, आणि एका वळणाशी गाडीनं विनाकारण वाटावी अशी थोडी जास्त जागा सोडली होती. प्रज्ञालाही तिचा अर्थ लागेना. भीमण्णानं सांगितला. "तिरडी हितं वळती. कायम हितंच वळती."

त्याची स्वतःची खोली बारा बाय अठराची दहा बाय पंधरा झाली होती. त्यानं मोजपट्टीनं तीनदा मोजली, माप बरोबर आहे म्हणून गाडीला शिव्या घातल्या, आणि मग आपल्या फक्कीच्या ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं समोरच्या ओट्यावर दुसरा एक म्हातारा येऊन बसला. दोघांच्या गप्पा दुपारच्या जेवणापर्यंत चालल्या. सासूबाईंची खोली गेली होती, पण मेहजबीननं आपल्यातला कोपरा त्यांना दिला. "राहू देत," ती अंबाक्काला म्हणाली, "नळावर उपयोगी पडतात."

संमतीचे अंगठे त्याच दिवशी पूर्ण झाले. पेढे आले, कुणीतरी हलगी काढली. अंबाक्का त्या पांढऱ्या वर्तुळात, मांडीवर पानांचं सूप घेऊन, बायकांच्यामध्ये बसली होती. कित्येक दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आजूबाजूला नुसती फक्की होती, पण तिला काही कमी दिसत नव्हतं.

प्रज्ञा तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसली. तिच्या मांडीवर तिचा छोटा पडदा होता.

"अंबाक्का, तुम्ही कार्यालयात येऊन गेलात त्या दिवसापासून मी जुन्या नोंदी पुन्हा बघतेय," ती म्हणाली. "मंजूर झालेल्या सगळ्या." तिनं एकामागून एक नकाशे सरकवले. वेगवेगळ्या गावांतल्या अकरा वस्त्या. घराघरांत दाट पिवळे गोळे, मध्ये काळोख. आखीव, सरळ, अरुंद गल्ल्या. ओटे नाहीत, चौक नाहीत. "यातल्या दोन ठिकाणी भिंती उभ्या राहिल्यात."

अंबाक्का एकेक नकाशा बघत गेली. तिच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"तिथं कुनी सांगितलं व्हतं त्यास्नी? घरात बसा म्हणून?"

"मी चौकशी केली. कुणीच नाही. त्यांचे ते बसले."

अंबाक्काला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तिनं घरोघर फिरून सांगितलं नसतं तरी खाणवस्ती घरातच बसली असती. इतके महिने ती जो दोष एकटीचा म्हणून वागवत होती तो एकटीचा नव्हताच. आणि मग तिला त्या अकरा गावांतल्या बायका दिसल्या, उन्हाळ्यात पत्र्याखाली दार उघडं टाकून बसलेल्या, कुणीही न सांगता.

"माझ्यापाशी ती माणसं मोकळं बोलत नाहीत," प्रज्ञा म्हणाली. "मी कार्यालयातली. तुम्ही आलात तर बोलतील."

"येते की. पन ज्या दोन वस्त्यांच्या भिंती उभ्या ऱ्हायल्यात, तितं बोलून काय उपेग? त्या पाडून पुन्ना मांडायला तुमचा कायदा परवानगी देतोय का?"

प्रज्ञानं मान हलवली. "देतो असंही लिहिलेलं नाही आणि नाही असंही नाही. आजवर कुणी विचारलेलंच नाही."

अंबाक्कानं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर कमरेला खोचला.

"मग इचारू की आपन," ती म्हणाली. "कुनाला इचारायचं असतंय ते?"